ठिपके बघणारे गृहस्थ

‘मला वाटतं’ हे दोन शब्द एकदाही न उच्चारता पेन्शनीला पोचलेला माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझ्या समोरच्या टेबलावर बसायचा. आम्ही दोघंही शेतीच्या संख्याशास्त्रातले. मी आधी सिद्धांत मांडून मग त्यात आकडे कोंबणारा. हे गृहस्थ आधी आकडे पसरणारे. पसरणारे म्हणजे खरोखर फरशीवर. आलेखाचे कागद अंथरून त्यांवर पालथे पडायचे आणि ठिपके न्याहाळत राहायचे. शिपाई चहा त्यांच्या उशाशी ठेवून जायचा. काय दिसलं विचारलं की उत्तर ठरलेलं, “बघायलोय की.” घरी भाजीत मीठ बरोबर आहे का विचारलं तरी, “अजून दोन घास खाऊ द्या.” वहिनींनी विचारणंच सोडलं होतं. मलाही जीव नकोसा व्हायचा हो.

एका वर्षी कापसावर गुलाबी बोंडअळी आली. कधी फवारायचं ते आम्ही सांगायचं होतं. चुकलो तर औषधही वाया आणि कापूसही. बोरीच्या एका शेतकऱ्याच्या रानात या अळीचे पतंग पकडायचे सापळे लावले होते. तो रोज पतंग मोजून फोनवर कळवायचा. एखाद्या दिवशी फोन आला नाही तर ती जागा मी सरासरीनं भरून टाकायचो. दर आठवड्याला पतंग एकदम वाढायचे. मी हवेतला दमटपणा, वारा, तापमान घालून असं देखणं समीकरण बसवलं की माझं मलाच कौतुक वाटलं. दर आठवड्याला फवारा, असा सल्ला लिहूनही टाकला. फरशीवरून आवाज आला, “पतंगाला वार कसा कळायलाय?” आणि मला एसटीत घालून त्यांनी बोरी गाठली.

“बाजारच्या दिशी मी बाजारला जातो साहेब,” शेतकरी म्हणाला. “सापळे दुसऱ्या दिशी रिकामे करतो, दोन दिसाचे एकदम.”

माझं समीकरण आठवडी बाजाराचं निघालं. हे हसले नाहीत. सल्ल्याचा कागद घडी करून माझ्याच खिशात ठेवला.

“मग फवारू का नगं?” शेतकऱ्यानं विचारलं.

“आज नको. उद्या येतो.” रजा टाकून रोज गेले, बोंडं फोडून बघत बसले आणि एका सकाळी म्हणाले, “आता फवारा.” त्या रानातला कापूस बऱ्यापैकी वाचला.

आता ते पुण्याला लेकीकडे असतात. परवा त्याच शेतकऱ्याचा फोन आला, अळी दिसतेय, फवारू का म्हणून. कॉम्प्युटरवर माझं उत्तर तयार होतं, तरी “बघून सांगतो” म्हणालो आणि गेलो. चार बोंडं फोडली, गुडघे धरून सापळ्यावर वाकलो. मला नुसते मेलेले पतंग दिसले. शेतकरी उत्तराची वाट बघत शेजारी उभा होता, आणि मला त्यांची फार आठवण आली.