नव्या गॅम्बियात तेनेंग आत्याचं खाचर

साहेब, म्हणजे आमचा हुकूमशहा राष्ट्राध्यक्ष, विमानात बसून देश सोडून गेला त्या दिवशी आमच्या गावात जे नाचले ना, त्यातले निम्मे महिन्याभरापूर्वी त्याच्याच सभेत नाचत होते. पाय तेच, ढोल तेच, टी-शर्ट तेवढे नवे. बावीस वर्षं ज्याच्या नावाशिवाय रेडिओ तोंड उघडत नव्हता, त्याचं नाव दुपारच्या जेवणापर्यंत कुणाला आठवेना. आणि आमचा अल्कालो, म्हणजे गावचा मुखिया कुतुबो मान्ने, त्याने तर हद्दच केली. चौकातल्या झाडाखाली उभा राहून छातीवर हात ठेवून म्हणाला, "मी आतून पहिल्यापासून विरोधातच होतो." आतून! इतका आतून की त्याच्या तिन्ही बायकांना पत्ता नव्हता.

एकटी तेनेंग आत्या नाचली नाही. आणि नाचणं हेच तर तिचं काम!

आत्याची मुलं जगली नाहीत. एक गेलं, दुसरं गेलं, तिसरं तर नाव ठेवायच्या आधीच गेलं. मग म्हाताऱ्या बायकांनी तिला कान्येलेंग केलं. म्हणजे तिला पुरुषाचा फाटका झगा घातला, गळ्यात शेंगांची माळ टाकली आणि नाव ठेवलं 'उकिरडी'. मरणाला वाटावं, इथे काय ठेवलंय नेण्यासारखं. चौथं मूल झालंच नाही, नवरा सेनेगलला गेला तो तिकडचाच झाला, पण आत्या कान्येलेंग राहिली, ती आजपर्यंत. लग्न असो, बारसं असो, आत्या आणि तिच्या मैत्रिणी दाढ्या लावून, पोटाला उशा बांधून येतात, इमामाची नक्कल करतात, व्याह्याची इज्जत काढतात, आणि कुणी रागवायचं नाही! कान्येलेंगच्या वेषातल्या बाईला हात लावला, हाकलून दिलं, तर घरातला पाळणा रिकामा होतो असं आमच्याकडे सगळे मानतात. शिकलेलेसुद्धा. ते फक्त मोठ्याने बोलत नाहीत.

साहेबाच्या राज्यात यांचीसुद्धा सोय लावलेली होती. ट्रकमध्ये भरायचं, रस्त्याच्या कडेला उन्हात उभं करायचं, आणि गाणं एकच, साहेब सूर्य, साहेब चंद्र. ज्या बायका कुणाचीही टोपी उडवू शकतात त्यांना टोप्या घालून उभं केलं! मला आठवलं तरी चीड येते.

पण आत्याची खरी जखम ही नव्हती. खाडीच्या काठचं भाताचं खाचर, ती होती. आमच्यात वर माळावर पुरुष भुईमूग लावतात आणि खालची भाताची खाचरं बायकांची, आईकडून लेकीकडे जातात. ते खाचर आत्याच्या आजीचं, मग आईचं, मग आत्याचं. काही वर्षांपूर्वी कुतुबो बांधावर येऊन म्हणाला, "हे साहेबाच्या शेतासाठी हवंय." साहेबाचं नाव घेतल्यावर नाही कोण म्हणणार? शेजारच्या बायकांची खाचरंही अशीच गेली. साहेबाला हे खाचर सोडा, आमचं गाव तरी माहीत होतं का देव जाणे. मग दरवर्षी गावच्या बायकांनी तिथे फुकट राबायचं, गात गात. आणि भात "साहेबाकडे" जायचं. साहेबाकडे जायचा रस्ता कुतुबोच्या मागच्या दारातून होता, एवढंच.

म्हणून साहेब गेल्यावर आत्या नाचत बसली नाही. नवं लुगडं नेसून, मागणं घेऊन जाताना मान म्हणून द्यायची कोलाची कडू फळं घेऊन ती सरळ कुतुबोच्या ओट्यावर गेली. मी, तिची कॉलेजात शिकणारी भाची, बरोबर होते.

"अल्कालो, पाऊस जवळ आलाय. माझं खाचर मला दे. रोपं टाकायचीत."

कुतुबोने कोला ठेवून घेतला. तो घ्यायला तो कधी विसरत नाही. "तेनेंग, अगं ते खाचर आता सरकारचं."

"कुठल्या सरकारचं?"

"नव्या."

"नव्या सरकारने मागितलं?"

"मागेल ना! आपण आधीच तयारीत नको राहायला? नवा गॅम्बिया आहे बाई, शिस्त हवी."

"आणि तोवर पेरणार कोण?"

"तोवर मी सांभाळतो. ओझं आहे, पण काय करणार." मग जरा खाली वाकून, अगदी प्रेमाने म्हणाला, "आणि तुला तरी कशाला हवंय? तुला लेक नाही. उद्या ते द्यायचं कुणाला?"

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. आत्या मात्र कोलाचा तुकडा चघळत त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लेक नाही म्हणून भूक पण नाही लागत का रे मला?"

त्याला एकदम नमाजाची आठवण झाली.

मे महिना संपता संपता गावात बातमी आली की मंत्री येतोय. नवा कोरा मंत्री. साहेबाच्या भीतीने वीस वर्षं अमेरिकेत राहिलेला, तिकडून थेट खुर्चीत. लोकांना 'ऐकायला' येतोय म्हणे. आता ऐकायला येणाऱ्यापुढे काय बोलायचं ते कुतुबोने आधीच ठरवून टाकलं. शाळा रंगवली, म्हणजे रस्त्याकडची भिंत रंगवली. आणि मग आत्याच्या अंगणात येऊन बसला. आत्याची मैत्रीण सारजो चहा उकळत होती, त्यातला पहिला कडक पेला त्यानेच उचलला.

"तेनेंग, तुझ्या बायका तयार ठेव. तेच गाणं म्हणा, नाव तेवढं बदला."

"सूर्य चंद्र तसेच ठेवायचे?"

"तसेच. उगाच नवीन कशाला."

"आणि माझं खाचर?"

"आधी कार्यक्रम. मग बघू."

"तुझं 'मग' मी फार पाहिलंय अल्कालो. त्याला पीक लागत नाही."

तो गेल्यावर सारजो म्हणाली, "गा गं बाई. नवा माणूस आहे, पहिल्या पहिल्यांदा चार पोती तांदूळ तरी वाटेल."

"माझ्याच खाचरातला तांदूळ मला वाटेल, आणि मी टाळ्या वाजवू? गाईन, पण कान्येलेंगसारखी गाईन. ट्रकमधल्यासारखी नाही."

मंत्री आला. गाड्या, धूळ, टीव्हीवाले, झाडाखाली खुर्च्या. कुतुबो भरजरी झग्यात. आणि ढोल सुरू झाले तशी समोरून आली आत्या. कुतुबोच! तसाच झगा, उशीचं हे एवढं पोट, बोकडाच्या केसांची दाढी, हातात आंब्याच्या कोयींची जपमाळ. चालसुद्धा तीच, आधी पोट पोचतं आणि मागून माणूस. गावाने हसून जो कल्ला केला! कुतुबोची तिसरी बायको तर खाली बसून रडेपर्यंत हसली.

आत्या खुर्चीवर चढली आणि कुतुबोच्या आवाजात म्हणाली, "मी तुमचा अल्कालो! मी आतून विरोधातच होतो!"

"किती आतून?" बायका ओरडल्या.

"बेंबीच्या आतून! ही खाडीकाठची खाचरं मी साहेबासाठी घेतली होती. साहेब विमानात मावला, खाचरं नाही मावली. म्हणून मी ती खाल्ली, हे बघा!" आणि तिने पोटावर थाप मारली. "आता मला ढेकर येत नाही. आजपासून सगळी खाचरं ज्यांची त्यांना परत!"

कुतुबोचा चेहरा आंबलेल्या ताकासारखा झाला होता, पण हसत होता बिचारा. हसावंच लागतं.

आता हे नाटक आहे हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. पण मंत्री वीस वर्षं तिकडे होता ना! त्याला वाटलं हा गावचा ठरलेला कार्यक्रम आहे. अल्कालोने जमिनी परत दिल्या, आणि लोककलेतून जाहीर केलं! तो ताडकन उठला, टाळ्या वाजवत आला आणि खऱ्या कुतुबोला त्याने मिठी मारली. कॅमेऱ्यासमोर म्हणाला, "हाच तो नवा गॅम्बिया! बायकांच्या जमिनी बायकांना! असे अल्कालो गावोगाव हवेत!"

कुतुबो काय म्हणणार? मिठीतच मान हलवली. रात्रीच्या बातम्यांत दाखवलं. आत्या दिसली नाही त्यात. कुतुबो दिसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या, सारजो, सगळ्या बायका कुदळी घेऊन खाडीवर निघाल्या. मी पण. हो, मला खरंच वाटलं होतं की झालं, बदललं सगळं! बांधावर कुतुबोचे दोन पुतणे उभे, आणि मागे स्वतः तो.

"कुठे चाललात?"

"खाचरात. मंत्र्याने सांगितलंय."

"मंत्र्याने माझं कौतुक केलंय. खाचर दिलं कोणी?"

"तू!"

"मी? ते तू बोललीस, दाढी लावून. कान्येलेंगच्या बोलण्याचा कुणी राग धरत नाही, मी तरी धरला का? मग ते खरंही धरत नाही. वेषातलं बोलणं वेषातच राहतं, बाई. हा रिवाज मी पाडला नाही."

आणि खरं सांगते, बायकांच्या खांद्यावरच्या कुदळी खाली आल्या. कारण तो बरोबर बोलत होता! हेच तर वाईट. साहेब गेला, मंत्री आला, टीव्ही आला, आणि खाचर जिथल्या तिथे. पुतणे हसत होते. मी काहीतरी ओरडले, कायदा बियदा, कोर्टात जाऊ वगैरे. एक पुतण्या म्हणाला, "कॉलेजवाली आली!" आणि विषय संपला.

आत्या वळली आणि घराकडे चालायला लागली. मला वाटलं, संपली.

थोड्या वेळाने ढोल ऐकू आला.

पुन्हा तोच झगा, तेच पोट, तीच दाढी. मागे सगळ्या बायका, कुणी इमाम, कुणी शिपाई, सारजो तर मंत्री, गॉगल आणि मिशी लावून. नाचत नाचत आल्या आणि नाचत नाचत सरळ खाचरात उतरल्या.

"अडवा!" कुतुबो म्हणाला.

थोरला पुतण्या पुढे झाला. आत्या त्याच्यासमोर दोन्ही हात पसरून उभी राहिली. "ये राजा, हात लाव. ढकल मला. तुझ्या बायकोला कितवा महिना?"

पुतण्याचा पाय चिखलात पडायचा तो बांधावरच राहिला. त्याने काकाकडे बघितलं. "काका, तुम्हीच अडवा ना."

काकांच्या घरात दोन सुनांना दिवस गेले होते. काका हलले नाहीत.

मग पाऊस लागला आणि बायकांनी रोपं लावली. वेषात! रोज! कारण दाढी काढली की त्या साध्या बायका, आणि साध्या बायकांना हाकलता येतं. उशी पाण्याने अशी जड होते की आत्याला वाकता येत नाही, झग्याची टोकं चिखलात लोळतात, दाढीत डास शिरतात. शहरात पेपरवाले लिहितायत की देशाची वाटचाल आशादायक आहे. आहेच की. अगदी कंबरभर चिखलातून चालली आहे.

कुतुबो रोज छत्री घेऊन बांधावर येतो आणि वाट बघतो, कुणी चुकतंय का. काल म्हणाला, "तेनेंग, हा तमाशा किती दिवस?"

"कापणीपर्यंत."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी तुझ्याच मापाचं नवं पोट शिवीन. यंदाचं कुजतंय."

"भिजून आजारी पडशील."

"तुझं पोट आहे रे, इतक्या पावसाळ्यांत त्याला काही झालं नाही."

बायका खिदळल्या. तेवढ्यात वारा आला, सारजोचा गॉगल गेला, पाठोपाठ चिकटवलेली मिशी सुटून पाण्यावर तरंगायला लागली, आणि कुतुबोने लगेच छत्री मिटली.

"अगं सारजो, मिशी!" आत्या किंचाळली. "मिशी लाव आधी! तो उतरतोय!"