खोबरेल तेल लावलेल्या फळ्या

नवऱ्याला पोटाचा कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी साधारण वर्षभराची मुदत सांगितली, तेव्हा आमची मुलगी अडीच वर्षांची होती. त्यानं ठरवलं, तिला बर्फावर न्यायचं, स्कीइंग करायला लावायचं.

"अडीच वर्षांच्या पोरीच्या काय लक्षात राहणार आहे?" मी म्हणाले.

"म्हणून तर मोठं कायतरी करायला पायजे की. बाजारात फिरवल्यालं न्हाय ऱ्हात लक्षात."

मी लोकर आणली आणि स्वेटर विणायला घेतले.

तो कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्यात नोकरीला होता. तिथल्या सुताराकडून त्यानं हातभर लांबीच्या दोन फळ्या करून घेतल्या, पुढची टोकं थोडी उचललेली. बांधायला सायकलच्या ट्यूबचे पट्टे. तळाला खोबरेल तेल चोळायचं, आणि सराव बगॅसच्या ढिगावर. बगॅस म्हणजे उसाचा रस काढून उरलेला भुसा. मार्चच्या उन्हात पोरगी त्यावरून सर्रकन खाली यायची. हा मागून तिच्या बगलेत हात घालून पळायचा आणि खाली आला की धापा टाकत बसायचा.

वॉचमन ओरडायचा, "सायेब, पोरीला ऑलिंपिकला धाडतायसा व्हय?"

"व्हय, तुमाला बी नेतो, फळ्या धरायला!"

मे महिन्यात मनालीला गेलो. वाटेत भाड्यानं कोट आणि गमबूट घेतले. वर रोहतांगला पोचल्यावर त्यानं हौसेनं पिशवीतून फळ्या काढल्या. हॉटेलातच त्यांना तेल चोळून ठेवलं होतं, नेहमीपेक्षा जास्त. थंडीत ते गोठून पांढरं झालं होतं. बर्फ त्याला चिकटायला लागला. पोरगी वीतभरही हलेना. खोबरेल थंडीत गोठतं हे मला ठाऊक होतं. दर हिवाळ्यात मीच बाटली उन्हात ठेवायची. पण ते मला तिथं आठवलं नाही.

तो गुडघ्यांवर बसून नखांनी तेल खरवडायला लागला. बोटं लाल झाली. पोरीनं भोकाड पसरलं.

"अहो, पुरे आता. तिला सर्दी होईल."

"पाच मिनिटं थांब. निघतंय."

"चला म्हणते ना!"

पोरीला उचलून मी गाडीकडे चालायला लागले. थोड्या वेळानं तो फळ्या काखेत धरून आला. गाडीत बसल्यावर त्यानं पोरीचे मोजे काढून पाय चोळून दिले.

पुढच्या गळीत हंगामात कारखान्याचा भोंगा वाजला, तेव्हा तो नव्हता.

मुलगी आता कॉलेजात आहे. परवा भाजी निवडताना तिला विचारलं, बर्फ आठवतो का. नाही म्हणाली. मग म्हणाली, "एक पिवळा ढीग आठवतो. पायाला टोचायचं. कोणीतरी मागून धरलेलं असायचं. मामा होता ना?"

"मामा नव्हे. तुझे बाबा."

"हो? असतील."

मी उठून माळ्यावरून फळ्या काढल्या आणि तिच्यापुढे ठेवल्या. तिनं एक उचलून वास घेतला. म्हणाली, "कसलाच वास येत नाही, आई."

येणार कुठून? मनालीहून परत आल्यावर मीच त्या सोडा घालून गरम पाण्यानं स्वच्छ धुऊन ठेवल्या होत्या.