दादाची स्कूटर आणि कळमेश्वरचा इंटरव्ह्यू

माझा भाऊ चांगला मेकॅनिक नव्हता.

आज त्याच्या अंत्यविधीला घाटावर चार जण म्हणाले, "इंजिनातलं त्यांना फार कळायचं." मी गप्प राहिले.
इथे लिहिताना गप्प राहणार नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नुकतीच एम.ए. झाले होते. कळमेश्वरच्या एका शाळेत मराठीची जागा होती. इंटरव्ह्यू अकराला.
बाबांनी बजावलं होतं, नोकरी लागली तर कर. नाही तर वैशाखात लग्न.

मी एसटीनं जाणार होते.
दादा म्हणाला, "माही स्कूटर असताना येस्टी काहून?"

काटोल नाक्यावर ती बंद पडली.
दादानं सीट उचललं, टाकीचं झाकण उघडून आत पाहिलं. "पेट्रोल तं हाये." झाकण लावलं. प्लग पुसला. किक मारली. सुरू.
"प्लगच होता."

फेटरीच्या अलीकडे पुन्हा बंद. पुन्हा झाकण उघडून पेट्रोल पाहिलं. मग कार्बोरेटर साफ केला. सुरू.
"कार्बोरेटरच होता."

फेटरीच्या पुढे तिसऱ्यांदा. साडेअकरा वाजले होते. कळमेश्वरची एसटी आमच्या समोरून गेली.

मला इंजिनातलं काही कळत नव्हतं. पण डोळे होते.

"दादा, तू झाकण उघडतो म्हणून ती सुरू होते."
"झाकणानं गाडी चालते काय वं? एम.ए. झाली म्हणून काहीही बोलशीन?"
"आता उघडू नको. नुसती किक मार."

त्यानं वीस किका मारल्या. गाडी ढिम्म.
मग मीच झाकण फिरवलं. टाकीनं सूं करून हवा ओढली. दुसऱ्या किकला स्कूटर सुरू.

झाकणाला एक बारीक भोक असतं. तिथून टाकीत हवा गेली नाही, तर पेट्रोल खाली उतरत नाही.
ते भोक लाल साबणानं बुजवलेलं होतं. आमच्याच न्हाणीतला साबण.

"हे कोणी केलं गा?"
"मीच."
"काहून?"
"तूच म्हणे ना, तुह्या स्कूटरवर बसलं का साडीले पेट्रोलचा वास येते. इंटरव्ह्यूले वास घेऊन जाशीन काय?"

माझ्या केसातली पिन घेऊन त्यानं साबण कोरून काढला.
सॉरी म्हणाला नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

सव्वाबाराला पोचलो. मुलाखती उरकल्या होत्या. जागा दुसरीला गेली.
वैशाखात माझं लग्न झालं.

दोन वर्षांनी सावनेरला इंटरव्ह्यू आला. दादानं मला स्वतः एसटीत बसवून दिलं.
सावनेरला उतरले, तर बसच्या मागून हा स्कूटरवर. भुवयांवर धूळ.

"तू काहून आला?"
"येस्टी बंद पडली तं?"

त्या शाळेत मी तीस वर्षं शिकवलं.

आज त्याची गाडी पुढे होती, मी मागे. घाटापर्यंत कुठेच बंद पडली नाही.

दादा, लोक तुला मेकॅनिक म्हणाले आणि मी वाद घातला नाही. तीच माझी श्रद्धांजली समज.

जा आता.