सोन्याचं लाल पाणी

नव्वदच्या दशकात मी नगरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. तिथल्या प्रयोगशाळेत एक शिपाई होते; ते प्रत्येक परीक्षानळी धुतली की उजेडात धरत आणि स्वतःशीच म्हणत, "निघालं."

एकदा मी मुलांना सोन्याचे सूक्ष्म कण तरंगणारं लाल पाणी दाखवलं. म्हणालो, "कणांवर प्रथिनाचा लेप दिला, तर पुढेमागे ते औषध थेट कर्करोगाच्या गाठीपर्यंत नेतील."

शिपाई मागे उभे राहून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी बायकोच्या मंगळसूत्राच्या वाट्या माझ्या टेबलावर ठेवल्या. "सर, तिला गाठ हाय. डॉक्टर न्हाई म्हनले. ह्याचं करा."

"अहो, हे औषध अजून कुठंच नाही. फार वर्षं लागतील."

"व्हय. तवर तिला काय सांगू?"

मी वाट्या त्यांच्या हातात परत ठेवल्या. महिन्याभरात ती गेली. नंतर माझा तास सुरू झाला, की ते उठून बाहेर जात.