मातृपूजनाला नेलेली आई

आईचा उजवा पाय पोटरीतून कापला त्याला आता चार वर्षं होतील, आणि तो माणूस अजून शिबिरं घेतो. घरातले म्हणतात, झालं गेलं सोडून दे. मी सोडणारी बाई नाही. भावकीत माझ्या तोंडाला सगळे टरकून असतात आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं.

त्याला सगळे सर म्हणतात. पूर्वी तो चोपड्याकडच्या शेतकऱ्यांना ठिबकच्या नळ्या विकायचा, असं ऐकलं होतं. मग केव्हातरी दाढी वाढवली, आवाज मऊ केला आणि यावलच्या पुढे एका केळीच्या बागेत आरोग्य आणि अध्यात्म एकत्र विकायला काढलं. पहाटे ओंकार, दुपारी पोटावर मातीची पट्टी, संध्याकाळी मौन. एवढ्यावर थांबला असता तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण त्याचा हुकमी एक्का होता अनवाणी चालणं. जमिनीला पाय लागू द्या, जमीन आजार ओढून घेते, असं सांगून तो म्हाताऱ्या माणसांना कापणी झालेल्या केळीत फिरवायचा. तिथे खुंट असतात, नळ्यांचे तुटके तुकडे असतात. ज्याने आयुष्यभर नळ्या विकल्या त्याला हे माहीत नव्हतं असं मला कोणी सांगू नये.

आई तेव्हा धुळ्याजवळ गावी माझ्या भावाकडे राहायची. भजनी मंडळातल्या बायकांबरोबर ती त्याच्या शिबिराला गेली. तिला जुनी शुगर, तळपायाला काही रुतलं तरी समजायचं नाही. गोळी म्हणजे स्वतःवरचा अविश्वास, असं सर म्हणाले म्हणून तिने गोळ्याही थांबवल्या. शेवटच्या दिवशी तिच्या हातात माईक दिला. ती म्हणाली, "मनी गोळी सुटनी. मी आते पोरगीसारखी चालस." त्याचा व्हिडिओ निघाला. त्यात आई इतकी खूश दिसते, की तो मला एकदाही पूर्ण बघवलेला नाही.

घरी आल्यावर अंगठा काळा पडायला लागला. तिने भावाला न सांगता सरांना फोन केला. मातीचा लेप लावा, डॉक्टरच्या भीतीतून बाहेर या, असं उत्तर मिळालं. मला कळलं तेव्हा वास सुटला होता. मी तिला जळगावला आणलं, पण पाय वाचवण्याची वेळ गेलेली होती.

ऑपरेशननंतर तिनेच हट्ट धरला म्हणून मी त्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मला वाटलं, निदान दोन शब्द वाईट वाटल्याचे बोलेल. तो म्हणाला, "आई, श्रद्धा कुठेतरी कमी पडली. स्वतःला तपासा." आणि माझ्या आईने, पलंगावर आडवं पडल्या पडल्या, त्या फोनला हात जोडले. पाय गेला त्याहून मला हे लागलं. त्या दिवशी मी ठरवलं की याला सोडायचं नाही. कसं ते ठरलं नव्हतं.

तेव्हापासून आई माझ्याकडे आहे. मी त्याला शिव्या घातल्या की तीच मला गप्प करायची. "त्यासना काय दोष? मनीच श्रद्धा कमी पडनी." कुबडीवर तोल सांभाळत बाथरूमला जाताना, नकली पायाचा पट्टा आवळताना, तेच. पाय तर त्याने घेतलाच होता, वर गुन्हाही हिच्याच गळ्यात बांधला होता. तो उतरवल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. व्हिडिओ काढून टाका म्हणून मी भांडले, तर त्याच्या माणसाने गोड आवाजात सांगितलं की तो त्या दिवसाचा सत्य अनुभव आहे.

मग या हिवाळ्यात आमच्या गल्लीतली एक तरुण बाई घरी आली. शुगर निघालेली, पदरात लहान मूल. आईचे हात धरून म्हणाली, तुमचा व्हिडिओ पाहिला आणि मीही गोळ्या बंद केल्या. आईने लुगडं वर करून तिला काय ते दाखवलं. बाई रडत घरी गेली. दिवे लागल्यावर आई मला म्हणाली, "त्यानाकडे ली चाल माले."

त्याचं पुढचं शिबिर धुळ्यात एका मंगल कार्यालयात होतं. समारोपाला मातृपूजन असतं, हे मला ठाऊक होतं. सभागृहातल्या सर्वात वयस्कर बाईला खुर्चीवर बसवून सर स्वतः ताटात तिचे पाय धुतात, फोटो निघतात, लोक डोळे पुसतात. नोंदणी करताना मी आईचं वय चांगलंच वाढवून सांगितलं. नकली पाय घरी ठेवला. लवकर जाऊन तिला चाकाच्या खुर्चीतून व्यासपीठाजवळ नेलं, साध्या खुर्चीवर बसवलं, लुगडं जमिनीपर्यंत सोडलं आणि गुडघ्यांवर शाल टाकली. स्वयंसेवकांना संशय आला नाही, उलट त्यांनी तिला हार घातला. ती वाळली आहे, केस पांढरे झाले आहेत, तिला कोणी ओळखलं नाही. त्यानेही नाही. आईच्या तोंडाकडे त्याने पाहिलंच नाही, तो कॅमेऱ्याकडे पाहत होता.

तो तांब्या घेऊन खाली बसला. कॉलरला माईक लावलेला. मातृत्वावर चार वाक्यं झाली. त्याने लुगड्याखालून डावा पाय ओढून ताटात ठेवला, पाणी घातलं, आणि दुसऱ्या हाताने चाचपडत म्हणाला, "आई, दुसरा पाय पुढे घ्या."

"दुसरा तुमनाकडेच शे ना, बाबा," आई म्हणाली.

माईकवरून ते अख्ख्या सभागृहाला ऐकू गेलं. त्याने तेव्हा वर पाहिलं. त्याचा चेहरा मी इतक्या रात्री मनात रंगवला होता, पण प्रत्यक्षात तो त्याहून छान दिसला. मला आनंद झाला, अगदी पोटातून, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. मागे कोणीतरी बाई मोठ्याने विचारत होती की काय झालं, आणि दुसरी तिला सांगत होती. त्याने उठायला हात टेकला.

आईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला खाली बसवलं. ओला पाय तिने त्याच्या मांडीवर ठेवला.

"आते नीट पुसा," ती म्हणाली आणि पायाची बोटं फाकवली. "बोटंसना मझार बी. ओलं ऱ्हायनं का कुजस, डॉक्टरनी सांगेल शे."