नजर वर, साहेब

मालाडला आमच्या बिल्डिंगसमोर व्हिसाचे फोटो काढणाऱ्याचं दुकान आहे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. पन्नाशीचा, कोकणातला माणूस. गिऱ्हाइकाची हनुवटी दोन बोटांनी सरळ करता करता कुठला देश किती कडक आहे ते ऐकवायची त्याला सवय.

"अमेरिका चष्मा काढायला लावते. युरोपवाले कागद मागून मागून जीव काढतात. तुम्ही कुठे?"

"कॅनडा. एकदा नाकारलाय," मी तडकून म्हणालो. "मुलीचं बाळंतपण आहे हो! आणि यांना संशय, म्हातारा परत जायचाच नाही. चोर आहे का मी? माणसाला दारातून हाकलायचं म्हणजे काय!"

तो कॅमेऱ्यामागून म्हणाला, "सगळ्यांचे नियम पाठ आहेत मला. पण तुमच्या सोसायटीइतका कडक देश नाही बघितला. गेल्या महिन्यात तुमच्याकडे भाड्याची जागा बघायला आलेलो. नाव नाही, कामधंदा नाही, पहिला प्रश्न काय, तर घरात मासे शिजवता का? हो म्हटलं, तर जिन्यातूनच परत पाठवलं. बायको होती सोबत."

मासे-मटण खाणाऱ्यांना जागा द्यायची नाही, या सोसायटीच्या ठरावावर माझीही सही होती. आपल्याला काय करायचंय, म्हणून केलेली.

फोटो तीनदा काढावा लागला.

"नजर वर, साहेब," तो दर वेळी सांगत होता.