भिंतीवरचे इटलीचे सोंगाडे

देवांच्या शेजारी परदेशी सोंगाडे चिकटवणारा माणूस साऱ्या मावळात एकच असेल, आणि तो आमच्याच घरी निघावा, हे माझं नशीब. ते माझे चुलतदीर. पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात फिटर होते, राहायला चिंचवडात आमच्याकडेच. यंत्रं बसवायला आलेला एक इटलीचा साहेब परत जाताना त्यांना एक फाटकं पुस्तक देऊन गेला. त्यात तिकडच्या तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या नाटकवाल्यांची छापील चित्रं होती: ठिगळांच्या कपड्यातला नोकर, टोकदार दाढीचा कंजूष म्हातारा, चोचीसारख्या नाकाचा कुबडा, आणि कमरेवर हात ठेवून धन्याला झापणारी एक मोलकरीण. भाऊजींनी माझ्याच कणकेची खळ केली आणि सगळी वरात स्वयंपाकघराच्या दाराशी, देवांच्या देवळीला लागून डकवली. शिफ्टला निघताना त्यांना रामराम घालत. एकदा तर माझ्या भाकरीच्या पिठाचं लांब नाक करून, ते लावून जेवायला बसले. अन्नाची ही थट्टा! सासूबाईंना डोळ्यांनी कमी दिसायचं. त्या रोज त्या कंजूष म्हाताऱ्याला फूल वाहायच्या. मी सांगितलं, तर भाऊजी म्हणाले, "वाहू द्या, वहिनी. फुकट मिळतंय म्हणून तोही खूश आहे."

इथवर मी सोसलं. पण धाकट्या नणंदेला बघायला पाहुणे आले त्या दिवशी हद्द झाली. घर चांगलं, मुलगा कामाला, आम्ही सगळे जीव मुठीत धरून बसलेलो. मुलाच्या वडिलांनी भिंतीकडे बोट केलं. "ह्ये कोन म्हनायचं?"

सासूबाई म्हणाल्या, "आमचं देव हायती."

भाऊजींना कुठलं राहवतंय! "देव नाहीत, काकू. सोंगाडे! हा कुबडा असा चालायचा," म्हणून पाठ वाकवून, मान पुढे काढून पाहुण्यांसमोर चालूनच दाखवलं. खाली मान घालून बसलेली नणंद फसकन हसली, ती थांबेचना.

"पोरगी लई हसरी दिसती," म्हणत पाहुण्यांनी कप खाली ठेवला आणि उठले ते गेलेच.

चार पुरुषांत मी कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी दारात येऊन ओरडले, "अहो भाऊजी, पोरीचं लग्न मोडलंत, आता कंबर तरी सरळ करा!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या मोलकरणीकडे. "वहिनी, हलू नका! ही बघा, ही तुम्हीच!"

माझे दोन्ही हात कमरेवर होते. माझ्या अंगाची लाही झाली. मी काय नाटकातली बाई? पुढे कितीतरी दिवस मी भाऊजींशी न बोलता सासूबाईंकरवी सांगायची, "त्यांना सांगा, भाकरी संपली." ते म्हणायचे, "काकू, भिंतीवरच्या बाईंना सांगा, पोट भरलं."

नणंदेचं लग्न पुढे चऱ्होलीत झालं. तिथल्या विहिरीवर तिचं हसणं आधी ऐकू येतं, मग ती दिसते. तरी माझा राग गेला नाही. मग भाऊजींना लांब दुसरीकडे नोकरी लागली. जाताना ते चित्रं सोडवायला बसले. बाकीची कशीबशी निघाली, ती मोलकरीण मात्र हलेना. "वहिनी, तुम्ही काही इथून निघत नाही," म्हणाले, आणि नाक पुसून पिशवी उचलली.

यंदा दिवाळीला आमचे हे भिंतीला चुना देत होते. कुंचला त्या मोलकरणीजवळ आला तशी मी म्हटलं, "तेवढं राहू द्या."

"का? तुलाच तर नको होती ना?"

मी चित्रापुढे जाऊन उभी राहिले. त्यांनी एकवार माझ्याकडे पाहिलं आणि कुंचला बाजूने नेला. तेव्हा कळलं, माझे हात कमरेवर होते. आता 'हलू नका' म्हणायला मात्र घरात कुणी नव्हतं. मी आपली थोडा वेळ तशीच उभी राहिले.